एकतीस नंबरची पाटी

मित्रांनो, माझ्या पाठीवर काळ्या शाईने ३१ हा आकडा लिहिलेला आहे. शाई आता विटली आहे, पण तिरप्या उन्हात अजून वाचता येते. निवडणुकीच्या दिवसांत घरापुढच्या हिरवळीवर उभ्या करतात, तशी मी एक जुनी पाटी. ही माझी तिसरी निवडणूक. आमच्यातल्या बहुतेक जणी एका हंगामात संपतात, म्हणून तीन निवडणुका म्हणजे दीर्घायुष्यच म्हणायचे.

माझी रचना साधी आहे. प्लास्टिकचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये ओळीने उभ्या पडद्या. त्यामुळे माझ्या अंगात वरपासून खालपर्यंत अरुंद नळ्या आहेत. तारेच्या चौकटीची वरची दोन टोके त्या नळ्यांत शिरतात आणि खालची दोन जमिनीत. माझे वजन दोनशे ग्रॅम. अंगाने रुंद आणि वजनाने हलकी असल्यामुळे वाऱ्याशी माझे कधी पटले नाही. चेहऱ्यावर गडद हिरव्या अक्षरांत ‘कोरीन झॅस्ट्रो’ आणि त्याखाली ‘गावाध्यक्षपदासाठी’ एवढेच छापलेले आहे.

माझ्यावर वर्ष नाही. छापखान्यात कोरीननेच तसे सांगितले होते.

“वर्ष घालू नका. हरले तर पुन्हा वापरता येतील.”

छापखानेवाला हसला. “हरायची तयारी करून उभी राहणारी तू पहिलीच.”

“जिंकले तरी दोन वर्षांनी पुन्हा उभं राहायचंच आहे. पाट्या तेव्हाही लागतील.”

आम्ही एकूण साठ जणी होतो. कोरीनने आम्हाला घरी नेले, जेवणाच्या टेबलावर पालथे घातले आणि प्रत्येकीच्या पाठीवर आकडा लिहिला. मग एका छोट्या वहीत साठ ओळी आखल्या: पाटीचा नंबर, कोणाचे घर, कोणत्या तारखेला, आणि हो कोण म्हणाले. ती एल्डर फोर्क गावात शाळेची बस चालवते. रोज सकाळी चढलेली मुले आणि दुपारी उतरलेली मुले मोजायची तिची सवय जुनी आहे. गावाच्या दुसऱ्या विहिरीचे पाणी दर महिन्याला तपासावे आणि आकडे ग्रामकार्यालयाच्या दारावर लावावेत, एवढ्याच मागणीवर ती उभी राहिली होती.

सुरुवातीला मला वाटे, माझे काम लोकांची मते बदलण्याचे आहे. ते मी कितपत करते, हे पाहायचे मी ठरवले. पहिल्या तीन दिवसांत माझ्यासमोरून सहाशे चौदा गाड्या गेल्या. त्यांतल्या एक्क्याण्णव गाड्यांतल्या माणसांनी माझ्याकडे पाहिले. मला पाहून कोणाचा चेहरा बदललेला मात्र एकदाही दिसला नाही. मी जरा खट्टू झाले. मते बदलत नसतील, तर माणसे आम्हाला घरापुढे उभे तरी कशाला करतात? हा प्रश्न मला तेव्हा पडला. त्याचे उत्तर ज्या चुकीतून मिळाले, तीच मी तुम्हाला सांगणार आहे.

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये गावच्या निवडणुका एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होतात. पाट्या लागतात त्या मार्चच्या मध्यावर. तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली असते आणि तारेचे पाय तिच्यात शिरत नाहीत. ज्यांच्याकडे ड्रिल आणि त्याला लावायचे लांब बिट असते ते आधी भोके पाडून घेतात. बाकीचे पाटी सरळ बर्फाच्या ढिगात खोचतात. रस्ता मोकळा करणारा ट्रक हिवाळाभर बर्फ कडेला ढकलत असतो, आणि त्याचे छातीएवढे ढीग घरांपुढे उभे असतात.

कोरीन मला घेऊन हार्लन क्लूगच्या दाराशी गेली, तेव्हा पारा उणे अकरावर होता. हार्लन म्हणजे दुधाच्या टँकरवरचा निवृत्त ड्रायव्हर. त्याने दार उघडले ते हातात कॉफीचा मग घेऊनच.

“पाटी लावू का, हार्लन?”

“विचारतेस काय? लाव.”

“विचारावंच लागतं. माझ्याविरुद्ध नॉर्म उभा आहे, त्याला वाईट वाटेल. इतकी वर्षं त्याच्याच दुकानात खिळे घेताय.”

“खिळे त्याच्याकडूनच घेईन. पण माझ्या नातवाचा बूट हरवला की तू बस थांबवून ठेवतेस. नॉर्म खिळ्यांसाठीसुद्धा दुकान पाच मिनिटं जास्त उघडं ठेवत नाही.” त्याने मगानेच दिशा दाखवली. “त्या ढिगावर लाव. दोन्ही रस्त्यांवरून दिसेल.”

कोरीनने मला ढिगाच्या माथ्यावर खोचले आणि वहीत लिहिले: ३१, क्लूग, १४ मार्च, स्वतः हो म्हणाला.

इथेच चूक झाली, मित्रांनो, पण त्या दिवशी ती कोणालाच दिसणे शक्य नव्हते. एल्डर फोर्कमध्ये घरांना कुंपणे नसतात. हार्लनची हिरवळ कुठे संपते आणि शेजारच्या लव्हर्न टेशची कुठे सुरू होते, हे उन्हाळ्यात गवतावरून कळते. हार्लन गवत कापायचे यंत्र तिरपे फिरवतो, लव्हर्न सरळ. दोघांचे पट्टे भेटतात ती हद्द. हिवाळ्यात ती हद्द बर्फाखाली जाते. ज्या ढिगावर मी ऐटीत उभी होते, तो दोघांच्या जमिनीवर पसरलेला होता.

आता लव्हर्नबद्दल सांगायला हवे. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. आधी शाळेच्या कचेरीत होती, आणि अडतीस वर्षांपासून गावच्या मतदान केंद्राची मुख्य निरीक्षक. नावे तपासायची, मतपत्रिका द्यायची, शेवटी यंत्रातून निघालेल्या निकालाच्या पट्टीवर सही करायची, हे तिचे काम. तिच्या अंगणात या अडतीस वर्षांत एकही पाटी लागलेली नव्हती. कायद्याची तशी सक्ती नव्हती. तो तिचा स्वतःचा नियम होता. आजूबाजूच्या सगळ्या हिरवळी निळ्या, लाल, पिवळ्या पाट्यांनी भरलेल्या असत आणि मध्ये तिची मोकळी. त्या मोकळ्या हिरवळीलाही गावात मान होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लव्हर्न बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या खुब्याचे ऑपरेशन होते. नेमके तेव्हाच ऊन पडले. चार दिवस पारा बारा अंशांवर राहिला. हार्लनच्या घराकडे जाणारा डांबरी रस्ता काळा, म्हणून त्याच्या बाजूचा बर्फ आधी वितळला. माझी गडद अक्षरे तापली, तारा तापल्या, तारांभोवती बोटभर पोकळी झाली. ढीग लव्हर्नच्या बाजूला कलत गेला आणि त्याच्याबरोबर मीही. बुधवारी रात्री वारा सुटला. गुरुवारी सकाळी मी लव्हर्नच्या ओल्या गवतावर उताणी पडले होते.

त्या सकाळी बेव्ह कुत्र्याला फिरवत आली. बेव्ह म्हणजे नॉर्म हेगनची बहीण. नॉर्म तेव्हाचा गावाध्यक्ष, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि कोरीनचा प्रतिस्पर्धी. बेव्ह थांबली, वाकली, माझे नाव वाचले आणि कुत्र्याला म्हणाली, “आपण हिला पाहिलंच नाही असं करायचं का?”

कुत्रा खाली बसला.

“नाही ना? आईला नसतं आवडलं.” तिने मला उचलले, अंगावरचा चिखल बाहीने पुसला आणि पाय जमिनीत खोल दाबले. माती आता मऊ झाली होती. मला ताठ उभे करून ती दोन पावले मागे सरली, तेव्हा कुठे तिने घराकडे पाहिले.

“लव्हर्न?” ती म्हणाली. “तू?”

सांगायची गोष्ट ही, की एल्डर फोर्कमध्ये पडलेली पाटी कोणी तशीच सोडून जात नाही. ती विरोधकाची असली, तरी सरळ करूनच पुढे जायचे असते. बेव्हने केले ते भल्या मनाने केले. पाटी या हिरवळीवर पडली आहे म्हणजे याच हिरवळीची असणार, असे तिने धरले. पुरावा पाहता तिचे चुकले असे मला म्हणवत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गाव तळलेले मासे खायला एकाच ठिकाणी जमते. तिथे बेव्हने ही बातमी सांगितली. दुसऱ्या दिवशी हार्लनच्या बोलण्यातून मला पुढचे कळले. आधी कोणाचा विश्वास बसेना. मग बाहेर पडताना दहा-बारा जण मुद्दाम आमच्या रस्त्याने घरी गेले. गाड्या माझ्यासमोर थांबत होत्या. माणसे काच खाली करून पाहत होती. त्या एका संध्याकाळी माझ्याकडे जितके निरखून पाहिले गेले, तितके आधीच्या दोन आठवड्यांत कोणी पाहिले नव्हते. माझ्यात काय बदलले होते? रंग तोच, अक्षरे तीच. पाच फुटांनी जागा बदलली होती, एवढेच.

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की लोक मला वाचतच नाहीत. लोक माझ्यामागचे घर वाचतात.

शनिवारी सकाळी हार्लन मग घेऊन बाहेर आला. त्याने आपल्या बाजूला पाहिले, तिथे पाटी नव्हती. लव्हर्नच्या बाजूला होती. त्याने तिथूनच कोरीनला फोन लावला.

“माझी पाटी वाऱ्याने नेली. दुसरी घेऊन ये. आणि हो, लव्हर्नला कसं पटवलंस ते मला सांग. मी तीस वर्षं तिच्या मताचा नुसता अंदाज काढायचा प्रयत्न करतोय.”

अर्ध्या तासात कोरीन आली. तिच्या हातात नवी पाटी होती आणि कपाळावर आठी. तिने मला जमिनीतून काढले, उलटे केले आणि वही उघडली.

“एकतीस. ही तुमची आहे, हार्लन.”

“माझी? मग ती हिच्या अंगणात काय करते?”

“ढीग वितळला. त्याच्याबरोबर आली.”

हार्लनने कॉफीचा एक घोट घेतला आणि तो बराच वेळ गिळला नाही. “म्हणजे लव्हर्नने काहीच लावलेलं नाही.”

“नाही.”

“पण काल रात्रीपासून तुझ्याकडे पाट्या मागितल्या असतील कुणी.”

“चार घरांनी. रात्रीच लावून आले.”

“चार.” त्याने आवाज खाली आणला. “हे बघ, लव्हर्न उद्या येईल. परवा सोमवार, मंगळवारी मतदान. आपण ही पाटी हळूच माझ्या बाजूला लावू. कुणी विचारलं तर मी बहिरा आहे.”

“हार्लन, ती मतदानाच्या टेबलावर बसते.”

“माहिती आहे.”

“मग बहिरं होऊन कसं चालेल?”

तेवढ्यात लव्हर्नची गाडी आली. ती दुसऱ्या दिवशी येणार होती. पण सकाळी सातला ग्रामकार्यालयाच्या क्लार्कचा तिला फोन गेला होता. गावातल्या कोणीतरी विचारले होते, की या वेळी लव्हर्नने टेबलावर बसणे बरोबर दिसेल का. ते ऐकून ती दोन तास गाडी चालवत आली होती. ती उतरली, दार शांतपणे लावले, आणि गवतातली दोन भोके पाहिली. मग कोरीनच्या हातातली मी.

“कोरीन, माझ्या हिरवळीवर काय चाललंय?”

“मिसेस टेश, माझी चूक आहे.” कोरीनने सगळे सांगितले, वही दाखवली, माझी पाठ दाखवली. शाळेच्या कचेरीत उशिराची चिठ्ठी घ्यायला उभी असावी, तशी ती उभी होती.

लव्हर्नने घराच्या कोपऱ्यापासून विजेच्या खांबापर्यंत नजर टाकली. “पाच फूट माझ्यात. आणि तू आता अडतीस वर्षांची आहेस. लव्हर्न म्हण.”

“हो, मिसेस टेश.”

“अगं, एवढं काय झालंय?” हार्लन मध्ये पडला. “कुणाला तरी मत देतच असशील ना? उद्या लोकांना कळलं तर कळलं.”

“माझ्या नवऱ्याला चौतीस वर्षं कळलं नाही. जेवताना विचारायचा, झोपताना विचारायचा.”

“मला तरी सांग.”

“तुला तर मुळीच नाही.” ती हसली, पण हसू टिकले नाही. “कोरीन, मी क्लार्कला फोन करून सांगणार आहे, या वेळी दुसऱ्या कुणाला बसव. मतपत्रिका देताना समोरच्याने माझ्याकडे पाहून एक क्षण जरी विचार केला, की ही कुणाच्या बाजूची आहे, तर त्या टेबलाला काही अर्थ राहत नाही.”

“लव्हर्न.” कोरीनला ते नाव पहिल्यांदाच जमले. “मला दोन दिवस द्या.”

“मतदानाला तीनच उरलेत.”

“दोन पुरतील.”

तिने मला गाडीत पुढच्या सीटवर ठेवले, पाठ वर करून. मी तिचा पुरावा होते. त्या दोन दिवसांत ती नवी मते मागायला एकाही दारात गेली नाही. ज्या चार घरांनी लव्हर्नकडे पाहून पाटी मागितली होती, त्या चार घरांत गेली. पहिल्या घरात एक म्हातारा गाडीचे चाक बदलत होता. त्याने माझी पाठ निरखून पाहिली.

“म्हणजे लव्हर्नने काही सांगितलेलं नाही?”

“नाही.”

“मग माझी घेऊन जा. राग नको मानूस. मला तू कशी आहेस ते माहीत नाही, लव्हर्न कशी आहे ते माहीत आहे.”

“म्हणूनच आले,” कोरीन म्हणाली, आणि त्याच्या गवतातून चव्वेचाळीस नंबर काढून घेतला. वहीत ती ओळ खोडली. दुसऱ्या घरातल्या बाईने मुलाला कडेवर घेऊन ऐकून घेतले आणि म्हणाली, “लव्हर्नसाठी घेतली होती. आता तू स्वतः सांगायला आलीस ना, म्हणून राहू दे.” तिसऱ्या घरीही पाटी परत मिळाली. चौथ्या घरी कोणी नव्हते. तिथे तिने दारात चिठ्ठी खोचली.

सोमवारी दुपारी, बसच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात, ती मला घेऊन थेट नॉर्मच्या दुकानात गेली. गल्ल्यावर बेव्ह होती.

“पाटी विकायला आणलीस की काय?” नॉर्म म्हणाला. “तारांना भाव बरा आहे सध्या.”

कोरीनने पुन्हा सगळे सांगितले. बेव्हचा चेहरा उतरला.

“मी उभी केली ती,” बेव्ह म्हणाली. “तिथेच पडली होती, नॉर्म. मला काय माहीत.”

“बरोबर केलंस,” कोरीन म्हणाली. “मीही तेच केलं असतं.”

नॉर्मने मला उचलून माझी पाठ पाहिली. “तू पाट्यांना नंबर घालतेस? मी माझ्या कुठे लावल्यात तेसुद्धा मला आठवत नाही. निवडणुकीनंतर महिनाभर लोक आणून देतात.” मग त्याने फोन उचलला. “क्लार्क का? नॉर्म बोलतोय. लव्हर्नबद्दल कुणी काही विचारलं असेल तर त्याला सांग, ती पाटी बर्फाने नेली. कोरीन माझ्यासमोर उभी आहे. आम्हा दोघांचंही म्हणणं एकच आहे. लव्हर्न तिच्या खुर्चीवर बसेल. ती सही करणार नसेल, तर तो निकाल मला नको. जिंकलो तरी नको.”

तो फोन ठेवत नाही तोच बेव्हने आपला उचलला. “शुक्रवारी मी अकरा जणांना सांगितलं होतं. आता अकरा जणांना उलटं सांगते.” तिने पहिला नंबर फिरवला आणि बोटावर एक आकडा मोजला.

मित्रांनो, त्या दुकानात दोन प्रतिस्पर्धी होते आणि मध्ये मी, एक साधी प्लास्टिकची पाटी. एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता आणि नंतर फारसा वाटला नाही.

मंगळवारी लव्हर्न खुर्चीवर बसली. मी हार्लनच्या अंगणात होते, या वेळी त्याच्या टपालपेटीला चिकटून, म्हणजे शंकेला जागाच नको. बुधवारी सकाळी हार्लनने पायरीवर उभे राहून शेजारच्याला निकाल सांगितला. नॉर्मला तीनशे एकतीस, कोरीनला तीनशे बावीस. नऊ मतांनी हार. ती चार घरे गप्प ठेवली असती तर निकाल फिरला असता का, हे मला सांगता येणार नाही. एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, एवढे मला कळते. हार्लनला तेवढेही कळत नव्हते. तो दोन दिवस फक्त “नऊ” असेच पुटपुटत होता.

कोरीनने आठवड्याच्या आत आम्हा सगळ्यांना गोळा केले. नंबर जुळवले. अठ्ठावन्न मिळाल्या, दोन हरवल्या.

त्यानंतरचा अडगळीचा काळ प्रत्येक पाटीच्या आयुष्यात येतोच. गॅरेजच्या भिंतीशी, बागेच्या पाइपाच्या वेटोळ्यामागे आम्ही पडून होतो. माझ्या काही बहिणी कोंबड्यांच्या खुराड्याचे छप्पर झाल्या. एकीवर रंगाचे डबे ठेवले गेले. उन्हाळ्यात कोळ्यांनी माझ्या नळ्यांत घरे केली. लोकांना आमची आठवण राहत नाही, याचे मला वाईट वाटे, पण तक्रार नव्हती. दोन वर्षांनी कोरीन पंचायतीच्या साध्या सदस्यत्वासाठी उभी राहिली. माझ्यावरच्या ‘गावाध्यक्षपदासाठी’ या शब्दावर तिने पांढरी पट्टी चिकटवली. त्या वेळी ती निवडून आली आणि विहिरीचे आकडे दर महिन्याला दारावर लागू लागले. मी पुन्हा गॅरेजमध्ये गेले. पट्टी हळूहळू सुटत गेली.

आणि मग हा मार्च आला.

बाहेर दारावर टकटक झाली, आणि कोरीनने गॅरेजचे दार उघडले. लव्हर्न उभी होती. आता ती पंचाहत्तर वर्षांची आहे. डिसेंबरमध्ये तिने मतदान केंद्राचे काम सोडले. ग्रामकार्यालयात तिच्यासाठी केक कापला होता, असे मी ऐकले. तिच्या हातात ड्रिल होते आणि त्याला हातभर लांब बिट लावलेले होते.

“परत अध्यक्षपदाला उभी आहेस ना?” तिने विचारले.

“हो. मी उद्यापासून घरोघर विचारायला निघणार होते.”

“तू विचारशील म्हणून मी थांबले नाही. एकतीस नंबर आहे का अजून?”

कोरीनने रंगाचे डबे बाजूला केले, पाइप ओढला आणि मला शोधून काढले. माझ्यावरची उरलेली पट्टी नखाने खरवडली. “लव्हर्न, ही जुनी आहे. नवी देते.”

“जुनीच दे. हिचंच काम राहिलंय.”

“आणि नॉर्म?”

“त्याला आधी जाऊन सांगितलं. हे बिट त्याच्याच दुकानातलं. म्हणाला, माझ्या विरोधातली पाटी लावायला माझ्याचकडून सामान नेणारी तू पहिलीच. मग दहा टक्के सूट दिली.”

लव्हर्न मला आपल्या घरी घेऊन आली. हार्लन पायरीवर मग घेऊन उभाच होता. लव्हर्नने घराच्या कोपऱ्यापासून मोजपट्टी लावली, हद्दीपासून वीस फूट आत आली आणि गोठलेल्या जमिनीत दोन भोके पाडायला लागली.

“तिथे कोण ओढून नेणार आहे तिला?” हार्लन ओरडला. “मोजपट्टी कशाला?”

“या वेळी कुणी म्हणायला नको, की वितळून आली.”

“तीस वर्षं नुसता अंदाज काढतोय मी. एवढं सगळं लपवलंस आणि आता थेट अंगणात?”

लव्हर्नने ड्रिल थांबवले. “ते टेबल माझ्याकडे होतं तोवर माझं मत माझ्याजवळ ठेवणं हे माझं काम होतं. आता टेबल दुसऱ्याकडे आहे.” तिने माझे पाय भोकांत घातले आणि तळव्याने दाबले. “ती दोन दिवस माझ्यासाठी दारं ठोठावत फिरली, हार्लन. स्वतःची मतं परत देत. चार वर्षं मला हे कुणाला तरी सांगायचं होतं.”

हार्लन आत गेला आणि दुसरा मग घेऊन आला, लव्हर्नसाठी.

मित्रांनो, माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. पाटी मते बदलते की नाही, मला अजून माहीत नाही. पण माणसे ती कशासाठी लावतात, ते मी जवळून पाहिले आहे. मतदानाच्या पेटीपाशी माणूस एकटा असतो, तिथे त्याला कोणी पाहत नाही आणि पाहूही नये. पाटी लावणारा मात्र आपल्या घरासकट उभा राहतो. उद्या ज्या शेजाऱ्याकडून त्याला बर्फ उपसायचे यंत्र मागायचे आहे, त्याच्यासमोर तो सांगतो की माझा या माणसावर विश्वास आहे आणि मी इथे राहतो. कोणी चिडले तर दार ठोठावायला घर समोरच आहे. या सरळपणाचे मला फार कौतुक वाटते. आणि जो आपल्या कामासाठी अंगण मोकळे ठेवतो, त्याचेही तितकेच.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आम्हाला लावण्यापूर्वी विचारा, आणि हद्द पाहून घ्या. दुसऱ्याची पाटी आवडली नाही तर ती उपटू नका, आपली लावा. मतदान झाले की आठवड्याच्या आत आम्हाला घरी न्या. उन्हापावसात विसरलेली पाटी पाहणाऱ्यालाही खिन्न करते. आणि शक्य असेल तर आम्हाला जपून ठेवा. आमच्यापैकी एखादीचे काम राहिलेले असू शकते.

उद्या मंगळवार. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. आज सकाळी वारा होता आणि मी थोडी तिरपी झाले होते. बेव्ह कुत्र्याला घेऊन आली, नेहमीच्या जागी थांबली. मला सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग ती वाकून माझ्या पाठीमागे गेली. तिथे ३१ खाली, नव्या काळ्या शाईने, लव्हर्नने स्वतःच्या हाताने एक शब्द लिहिला आहे: टेश.

“हं,” बेव्ह कुत्र्याला म्हणाली, “या वेळी इथलीच आहे.” आणि तिने मला दोन्ही हातांनी घट्ट दाबून सरळ केले.